चिखलातला शेकाट्या

आई पडली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हापासून रविवारची सकाळ तेवढी माझी उरली होती. धाकटा भाऊ डोंबिवलीहून येऊन तिच्याजवळ बसायचा आणि मी लालबागहून चालत शिवडीच्या खाडीवर जायची. हौस म्हणून नव्हे. तिथे कुणी हाक मारत नसे, म्हणून.

ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, त्यांच्यासाठी कॅमेरेवाले येतात. मी मात्र तिवरांच्या झाडीच्या कडेने एकटीच फिरायची. तुतवार पक्ष्यांची चिखलातली टोचाटोच, खंड्याचा सूर बघत राहायची. बघायला काही लागत नाही. थकलेल्या माणसालाही जमतं.

त्या रविवारी एक शेकाट्या दिसला. काळ्या पंखांचा, काडीसारख्या लांब गुलाबी पायांचा पक्षी. जागच्या जागी फडफडत होता. पायांत फाटक्या जाळ्याचा नायलॉन अडकला होता. आसपास कुणीच नव्हतं आणि पाणी चढायला लागलं होतं. खरं सांगते, पहिला विचार आला, आता हेही मीच करायचं?

चपला काढून उतरले. गुडघ्यापर्यंत रुतले. ओढणी टाकून त्याला धरला, तर त्याने बोटावर चोच मारली. किल्ल्यांना अडकवलेल्या नेलकटरने एकेक धागा तोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. चिखलाच्या हाताने उचलला.

"ताई, कुठे आहेस? आई सारखी विचारतेय."

"येते रे," म्हटलं आणि ठेवला. ओढणीखाली त्याचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं.

शेवटचा धागा तोडून सोडल्यावर तो उडाला नाही. आडवाच पडला. मग उठला, दोन पावलं लंगडला, परत बसला. मी कशीबशी काठावर येऊन बघत राहिले. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं तसा तो उठून वरच्या बाजूला सरकला आणि चिखलात चोच घालून खायला लागला. मला रडू आलं. का, ते विचारायचंही त्राण नव्हतं.

घरी आले तर चिखलाचा वास माझ्याआधी आत शिरला.

"खंय होतंस गो?" आई म्हणाली. "पायांक काय झाला?"

मी सगळं सांगितलं.

"उडालो?"

"नाही. खात होता."

"मगे जगतलो," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

भाऊ दारात उभा होता. एरवी मी आले की तो चपला घालायचा. त्या दिवशी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मोरीत बादली भरून ठेवली. "तू झोप," म्हणाला. "आईला मी भरवतो. रात्रीच्या गाडीने जाईन."

पाय नीट धुतलेही नाहीत. तशीच आडवी झाले आणि दिवेलागणीपर्यंत मेल्यासारखी झोपले.