चाकावरचं पाणी

आज भाकरीचा तवा तापला का बघाय पाणी शिंपडलं, चर्र झालं, नि माझा हात तिथंच थांबला.

लेक तेव्हा सहा महिन्यांची, अंगात फणफणून ताप, नि आम्ही कलघटगीहून धारवाडच्या डॉक्टरकडं निघालेलो. वाटेत आमची जुनी गाडी जड झाली, एका अंगाला ओढाय लागली, जळका वास सुटला. नवरा बॉनेट उघडून इंजिनातच डोकं घालून बसला. मी पोरीला छातीशी धरून नुसती रडत होते.

माझ्याशेजारी बसलेल्या सासूबाई उतरल्या, तांब्या घेतला नि एकेका चाकावर पाणी शिंपडत निघाल्या.

"अव्वा, चूल हाय का ती?" नवरा आईवर चिडला.

"गप की रे!"

तीन चाकं गप्पच. चौथं चर्र करून वाफाळलं.

नवरा धावत आला. "अगं, ह्याचाच ब्रेक धरून बसलाय!"

जॅक लावून त्यानं तो ब्रेक सैल केला, चाक मोकळं फिरलं. बेताबेतानं धारवाड गाठलं. पोरगी वाचली.

तेव्हा वाटलं, सासूबाईंच्या अंगात देवच आला. आता कळतंय, त्याही माझ्याएवढ्याच भ्याल्या होत्या. निम्मं पाणी मातीत सांडत होतं, तरी त्या चाकामागून चाक पुढं जात राहिल्या.