न उतरणारा तलाव

नातेवाइकांना वाटायचं, मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. खरं तर पुण्यातल्या एका कंपनीत पाणी आणि हवा कशी वाहते याचं गणित करणारा प्रोग्राम मी लिहायचो. दहा वर्षं तेच. त्यातला पाण्याचा भाग सगळा माझा होता आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी तो पहिल्यांदाच गिऱ्हाइकांच्या हातात जाणार होता. माझे पाय जमिनीवर नव्हते.

दिवाळीला तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा वडिलांना, म्हणजे बाबूजींना, एकदा तरी आपलं काम दाखवायचं ठरवलं. बाबूजी गावच्या तलावाचे पाणकर. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी पाणी सोडायचं, ते त्यांच्या शब्दावर चालायचं. म्हणून लॅपटॉपवर आमचाच तलाव उभा केला आणि सकाळच्या चहाला त्यांच्यापुढे ठेवला. निळं पाणी झोकात बाहेर पडत होतं. मी कौतुकाची वाट पाहत बसलो.

बाबूजींनी बराच वेळ पाहिलं. मग बशी खाली ठेवली.

"पानी तं जाऊन राहिलं. मंग तलाव काऊन नाही उतरून राहिला?"

"वेळ लागते, बाबूजी."

"किती? एवढ्या पान्यात दोन बांध्या भरल्या असत्या."

मी हसत हसत आकडे काढले आणि हादरलो. बाहेर गेलेलं आणि आत उरलेलं पाणी मिळून सुरुवातीपेक्षा जास्त भरत होतं. माझा प्रोग्राम पाणी तयार करत होता! हिशेबात कुठे पाण्याचा आकडा शून्याखाली गेला की त्याचा शून्य करायचा, अशी एक ओळ मी कधीतरी घाईत घातली होती. दर वेळी तिथे थेंबभर पाणी वाढत होतं. आमच्या चाचण्या दोन-चार सेकंदांच्या, त्यात ते दिसलंच नाही. रंगीत चित्रं पाहून आम्ही सगळ्या शिकलेल्यांनी माना डोलावल्या होत्या.

तिथूनच साहेबांना फोन लावला. चूक सांगितली, सोमवार पुढे ढकला म्हणालो. साहेब म्हणाले,

"बरं झालं वेळेत कळलं. कुणी पकडली?"

"मीच, सर."

हे आपण बोललो यावर माझा विश्वास बसेना. बाबूजी समोरच बसले होते. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि फोन ठेवायला लागू नये म्हणून मी साहेबांशी उगाच बोलत राहिलो.