गोणपाटाची खोळ

मुंबईच्या गोदीलगतची जुनी दगडी गुदामं आता तिकीट काढून बघता येतात. रविवारी तिथे लोकांना फिरवून माहिती द्यायचं काम माझा धाकटा भाऊ हौसेने करतो. त्याने बोलावलं म्हणून कर्जतहून मीही गेलो. बाबांनी त्याच गुदामांत जन्मभर पोती वाहिली. गावकऱ्यांनी मिळून मुंबईत घेतलेल्या आमच्या गावकीच्या खोलीत ते राहायचे, आणि शाळेसाठी धाकट्यालाही त्यांनी तिथेच नेलं. मी थोरला, म्हणून आईबरोबर भातशेतीला राहिलो. मला बाबा मिळायचे ते लावणीच्या सुट्टीपुरते.

"बाबा इथे जेवायला बसायचे," भाऊ एका खांबावर हात ठेवून सांगत होता. "डब्यातला बोंबील मला काढून द्यायचे." मंडळी कौतुकाने ऐकत होती. खांब त्यांच्या दोघांचा, मी आपला पाहुणा. छातीत नुसतं जळत होतं. या वयात शोभत नाही, पण जळत होतं.

मग त्याने तिथलं एक रिकामं गोणपाट उचललं. हमाल त्याची खोळ करून डोक्यावरून पाठीवर घेत.

"हे आमचे दादा, अजून शेती करतात. दादा, बाबा हे कसं दुमडायचे? दाखव ना."

"नाय आठवत रं."

आठवत होतं. खालचा एक कोपरा मुठीने दुसऱ्या कोपऱ्यात ढकलायचा. लावणीला पावसात आम्ही तशीच खोळ घेतो. बांधावर बाबांनी माझी मूठ धरून शिकवलं होतं. तेवढं एकच माझ्या एकट्याचं होतं.

भावाने खटपट केली. पोतं घसरून त्याच्या नाकावर आलं.

"अहो, तुम्हीच भरले गेलात पोत्यात!" एक बाई म्हणाल्या. सगळे हसले, तोही. मी जरा जास्तच हसलो.

बाहेर चहा घेताना तो म्हणाला, "माझ्या डोक्यावर त्यांनी पोतं कधी येऊच दिलं नाही. नुसतं अभ्यास कर, अभ्यास कर. तुला चिखलात सोबत घ्यायचे. मी खोलीत बसून जळायचो तुझ्यावर."

वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं.

यंदा लावणीला येतो म्हणालाय. माळ्यावरून दोन गोणपाटं काढून झटकून ठेवलीत. त्याच्यासमोर दुमडायची, की आधीच दुमडून त्याच्या हातात द्यायची, ते अजून माझं ठरत नाही.