पाचव्या उडीनंतर

एकतीस वर्षं एकाच शाळेत पी.टी. शिकवली, त्यात त्यांचं खरं नाव झिजून गेलं आणि शिट्टीसर एवढंच उरलं. पितळी शिट्टी, काळा गोफ. माणूस उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. पण कुणी अंग चोरलं की त्यांना लांबून कळायचं. वीस जोर सांगितले आणि कुणी अठरावर थांबून "झाले वीस" म्हणालं, तर पाठमोरे असतानाही ते म्हणायचे, "दोन राहिले." मुलांना वाटे, सरांच्या पाठीला डोळे आहेत. ते श्वास मोजत, एवढंच.

शेवटच्या दोन वर्षांत उजवा गुडघा गेला. निवृत्त झाले आणि महिनाभर घरात बसले. बायको घरी शिवणकाम करायची. एक दिवस तिने मशीन थांबवलं.

"अहो, मी दोरा ओवताना घड्याळ बघू नका. मी काय तुमच्या सातवी 'ब'ची आहे का?"

"चौथ्यांदा ओवतेयस."

"पाचव्यांदा ओवीन. तुम्ही बाहेर जा कुठेतरी."

आणि खरंच बाहेर जायचं निघालं. शहरातल्या शाळांत नवे पी.टी. शिक्षक लागत आणि वर्ष व्हायच्या आत सोडून जात. म्हणून शिक्षण खात्याने जुन्या जाणत्या माणसांना बोलावलं. नव्या शिक्षकाच्या तासाला जाऊन बसायचं, बघायचं, तास संपल्यावर दोन गोष्टी सांगायच्या. अशा तीन भेटी. तिसरीनंतर अहवाल द्यायचा आणि त्यावर शिक्षक कायम होणार की घरी जाणार ते ठरायचं. तास चालू असताना मध्ये पडायचं नाही, असा नियम होता.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," बायको म्हणाली. "तुम्हाला जमायचं नाही."

नाहीच जमलं. पहिल्याच शाळेत त्यांनी एका पोरसवदा मास्तराच्या हातातून वर्ग काढून घेतला, स्वतः उडी मारून दाखवली, गुडघा धरून खाली बसले आणि तरी खूश होऊन घरी आले. महिन्याभराने तो मास्तर बुटांच्या दुकानात लागल्याचं कळलं. मुलं त्याला रोज विचारत होती म्हणे, "ते म्हातारे सर परत कधी येणार?"

दुसऱ्या शाळेत नवी बाई होती. सव्विशीची, धावणारी, काटक. शाळेचं पटांगण गाड्या लावायला गेलेलं, म्हणून पी.टी.चा तास दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्हायचा. गुळगुळीत फरशी, एका भिंतीला मोडक्या बाकांची चळत, मधोमध एक खांब. त्या खांबाला बाईने जुना स्पंज गुंडाळून दोरीने करकचून बांधला होता. सरांनी आत येताच आधी ती गाठ ओढून पाहिली. सुटली नाही. बाई त्यांना तिथेच आवडली.

पण बेचाळीस मुलं ओळीत उभी करण्यात तिची बारा मिनिटं गेली, तरी ओळी लागेनात. चौतीस मिनिटांच्या तासातली बारा. सर खुर्चीत चुळबुळ करत होते. तेराव्या मिनिटाला त्यांचा हात खिशात गेला आणि शिट्टी वाजली. बेचाळीस माना त्यांच्याकडे वळल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत सहा ओळी सरळ.

तास संपल्यावर बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, एक बोलू?"

"बोला की."

"उद्या मी काय वाजवू? टाळ्या?"

सर हसले. ती हसली नाही.

"ओळ लागली ना पण," सर म्हणाले.

"तुमच्यासाठी लागली. पुढच्या तासाला तुम्ही नसाल. मी असेन."

सरांना बुटांचं दुकान आठवलं. त्यांनी शिट्टी खिशात घातली. "तुमच्या वर्गात पुन्हा वाजणार नाही. शब्द देतो."

दुसऱ्या भेटीला ओळी चार मिनिटांत लागल्या. बाईने अडगळीतून उडीचा लाकडी घोडा ओढून काढला होता, पुसून, पायांचे खिळे ठोकून. पलीकडे एकापुढे एक दोन गाद्या. पळत यायचं, घोड्यावर हात टेकायचे, पाय फाकवून पलीकडे उतरायचं. मुलांच्या तोंडावर कधी नव्हे ती चमक होती. वर्गात सर्वांत बारकी एक मुलगी होती, तिला सगळे चिमटी म्हणत. ती तीनदा घोड्यापर्यंत येऊन थांबली. चौथ्यांदा ओलांडून गेली आणि गादीवर बसूनच राहिली, पुन्हा उठायचंच विसरली.

तास झाल्यावर सरांनी एकच गोष्ट सांगितली. "फरशीवर गादी सरकते. दर उडीला थोडी थोडी. डोळ्याला दिसत नाही. पाच उड्या झाल्या की सगळं थांबवायचं, गाद्या पायाने दाबून जुळवायच्या. पायाला फट कळते. पाच म्हणजे पाच. सहा नाही."

बाईने ते हाताच्या पंजावर पेनाने लिहून घेतलं.

तिसरी भेट शेवटची. अहवालाचा कागद सरांच्या मांडीवर, पेन्सिल हातात. ओळी तीन मिनिटांत लागल्या. सरांनी तसं लिहिलं. पाच उड्या झाल्या, बाईने हात वर केला, पायाने गाद्या जुळवल्या. पुन्हा पाच, पुन्हा पाय. सरांनी तेही लिहिलं. पोरगी कायम होणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. आता एक 'सुरक्षितता' नावाचा रकाना तेवढा राहिला होता.

तेवढ्यात दारात गणिताच्या बाई आल्या.

"अगं, पाच मुलं दे ना दहा मिनिटं. चाचणी राहिलीय त्यांची. पी.टी.च तर आहे."

वर्षभर नवी बाई अशी मुलं देत आली होती. आज ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "नाही. माझा तास आहे."

"अगंबाई! मोठा तास!"

"मोठा नाही, चौतीस मिनिटांचाच आहे. त्यातली मिनिटं मी देणार नाही."

खुर्चीत बसलेल्या सरांना बरं वाटलं. मुलं तिकडे उड्या मारतच होती. चौथी झाली, पाचवी झाली. बाईचं तोंड दाराकडे. सहावी झाली. दोन गाद्यांमध्ये चार बोटांची फट पडली होती आणि तिच्यातून फरशी दिसत होती.

सरांना ती दिसली. डावा हात खिशात गेला, शिट्टी बोटांना लागली. उजव्या हातातली पेन्सिल 'सुरक्षितता'च्या रकान्यावर टेकलेली. त्यांच्या मनात आलं, बघू या, हिच्या लक्षात येतं का. ओरडायला फार तर एक क्षण लागला असता. त्यांनी दोन जाऊ दिले.

सातवी उडी चिमटीची होती. आता तिला भीती वाटत नव्हती. ती जोरात पळत आली, घोडा सहज ओलांडला, पुढे झुकली आणि डावा हात नेमका फटीत टेकला. आवाज फार झाला नाही. गादीने तो गिळला.

बाईने पुढचं सगळं बरोबर केलं. कुणाला मुलीला उचलू दिलं नाही. हजेरीपुस्तकाचा पुठ्ठा हाताखाली घेतला, टॉवेलने बांधला, एकाला ऑफिसात पिटाळलं, बाकीच्यांना भिंतीशी बसवलं. सर मदतीला उठले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. ते पोहोचले तेव्हा त्यांच्यासाठी काही काम उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं.

"कोपर मोडलंय. आईवडील सकाळपासून बाहेर बसलेत. बाईंचं लक्ष दाराकडे होतं, एवढं तुम्ही लिहा. खरंच आहे ना ते?"

"आहे."

"मग झालं तर."

"ते अर्धं आहे, मॅडम. मला फट दिसली होती."

मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला सरकवला. "सर, तुमचं आयुष्य गेलं या कामात. आता हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? ती तरुण आहे, तिला दुसरीकडे लागेल."

"बुटांच्या दुकानात," सर म्हणाले आणि उठले. मुख्याध्यापिकांना काही कळलं नाही.

त्या दुपारी त्यांनी बायकोच्या शिवणाच्या टेबलावर अहवाल लिहिला. तीन कागद फाडले. पहिल्यात 'लक्षात आलं नाही' असं लिहून गेले होते, दुसऱ्यात 'नियमामुळे बोललो नाही'. तिसरा कागद त्यांना डोळ्यांत तेल घालून वाचूनही खोटा वाटेना, पण त्यात 'नाइलाजाने' हा एक शब्द जास्त होता. चौथ्यावर लिहिलं: शिक्षिका उत्तम आहे. गाद्यांची फट मला सहाव्या उडीनंतर दिसली. शिक्षिकेला ती दिसते का हे पाहण्यासाठी मी गप्प बसलो. शिट्टी माझ्या हातात होती.

बायकोने वाचलं. "हे दिल्यावर तुम्हाला परत बोलावणार नाहीत."

"नाही."

"म्हणजे दुपारी घरीच."

"हो."

तिने टेबलावरचं कापड गोळा केलं आणि त्यांच्या कोपरापुरती जागा करून दिली.

खात्याचं पत्र लवकर आलं. सरांचं नाव यादीतून काढलं होतं. नवी बाई कायम झाली. उडीचा घोडा मुख्याध्यापिकांनी अडगळीत टाकून कुलूप लावलं.

बाई एकदा घरी आली. बायकोने चहा ठेवला. बाईने अहवाल वाचला होता, ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"मी शब्द दिला होता," सर म्हणाले.

"सर, वर्ग माझ्या हातातून घेऊ नका म्हटलं होतं मी. मुलगी पडताना बघत बसा म्हटलं नव्हतं."

"शब्द हे अर्धंच कारण होतं."

"हो. उरलेलं तुम्ही लिहिलंयत." तिने कप खाली ठेवला. "तुम्ही माझी परीक्षा घेत होतात. मी नापास झाले असते, तर चाललं असतं मला. पण पेपर तिच्या हातावर कशाला लिहिलात?"

एकतीस वर्षांत मुलांना ते सांगत आले होते, उत्तर येत नसेल तर उभं राहा. ते उभे राहिले. बाईला वाटलं, आपल्याला जायला सांगतायत. अर्धा चहा तसाच ठेवून ती निघाली आणि त्यांनी तिला थांबवलं नाही.

दोन महिन्यांनी खात्याने भेटींची वही मागितली. ती शाळेत सही करून द्यायची होती. ऑफिसात सही झाली. खाली जाणारा जिना डावीकडे होता. सर उजवीकडे वळले आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत दुसऱ्या मजल्यावर चढले.

हॉलच्या दाराला काचेची पट्टी होती. आत मुलं कोलांट्या मारत होती. घोडा नाही, उडी नाही. त्याच दोन गाद्या. मुलांच्या तोंडावर ती चमक नव्हती. मुलं रांगेत पुढे सरकत होती, वळत होती, मागे जाऊन उभी राहत होती.

चिमटी बाकावर बसली होती. प्लास्टर निघालेलं. डावा हात तिने मांडीवर ठेवला होता आणि कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. आयुष्यभर मुलांचे हात 'सरळ, अजून सरळ' करणाऱ्या माणसाला ते मोजायला पट्टी लागली नाही. दोन महिन्यांनी एवढा वाक उरला असेल तर पुढेही उरणार, हे त्यांना कळलं.

"पाच!" चिमटी ओरडली.

सगळी रांग जागच्या जागी थांबली. बाईने पायाने गाद्या दाबून जुळवल्या, मुलांवरची नजर न हलवता. फट नव्हतीच. कोलांटीने गादी फारशी सरकत नाही. तरी तिने दोन्ही टोकांना पाय फिरवून पाहिला आणि मान हलवली. रांग पुढे सरकली.

सर तिथेच उभे राहिले. पाच कोलांट्या झाल्या, पुन्हा तो आवाज आला. पुन्हा पाच. एकदाही सहा झाल्या नाहीत.

जिन्यावरून गणिताच्या बाई वर आल्या, हातात चाचणीचा गठ्ठा.

"काय शिट्टीसर, बाहेर का उभे? जा ना आत."

"नको," सर म्हणाले. "तास चालू आहे."

उतरताना गुडघा चढण्यापेक्षा जास्त दुखतो. त्यांनी कठडा धरला. पहिल्या मजल्यापर्यंत तो आवाज ऐकू येत होता, त्यानंतर खालच्या गाड्यांच्या आवाजात ऐकू येईनासा झाला.