शेंगांची गोधडी

पन्हाळ्याच्या उतारावर एका बाईंची मसाल्याची बाग होती. व्हॅनिला कशी करतात ते बघायला मी तिथे गेलो होतो. बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं, हात मात्र अजून आठवतात. गरम पाण्यातून काढून उन्हात तापवलेल्या शेंगा त्यांनी एका जुन्या गोधडीत गुंडाळल्या, कडा दुमडल्या आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसं वरून थोपटलं. मला माझ्या आईची गोधडी आठवली. तिला चुलीच्या धुराचा वास यायचा.

"थोपटल्यानं वास वाढतो का हो?" मी विचारलं.

"न्हाय वो पावणं, हाताची सवय! लेकीची गोधडी हाय ही. उबंला शेंगांस्नी घाम सुटतोय, मग वास येतोय."

"लेक मागत नाही?"

"मागती की! म्हायेराला आली की हीच पांघरती. पर अवंदा नाक मुरडून म्हणाली, आये, हिला आता तुझा वास येत न्हाय, आईस्क्रीमचा येतोय."

बाई मोठ्यानं हसल्या. मग सरळच असलेली गोधडी पुन्हा सारखी करत म्हणाल्या, "नात मात्र तोंडावर वढून घेती. म्हणती, आज्जीचा वास येतोय."