हळूबाबाला गूळपाणी

स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकत असते बघा, जिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या घरातल्या हळूबाबाच्या गोष्टींचं तसंच झालंय. मुलांची शाळा सुटेपर्यंत आम्ही पाच-सहा आया गेटाबाहेरच्या भेंडाच्या झाडाखाली उभ्या असतो. कोणीतरी म्हणतंच, "मेघना, ती मीटरवाल्याची सांग ना!" मी सांगते. सगळ्या हसतात. मीही हसते. आणि मग स्कूटरवरून घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले असतात.

कारण हा हळूबाब म्हणजे देव आहे, मरणाचा देव, आणि तो मी बनवलेला आहे. एम.ए. बी.एड. झालेल्या बाईने, पाच वर्षांच्या मुलीसाठी, पोळ्या लाटता लाटता.

झाडाखाली मी सगळ्या गोष्टी सांगते. शेवटची सोडून.

*

सुरुवात सुलूकाकीच्या मांजरापासून झाली. सुलूकाकी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची शेजारीण. तिची म्हातारी मांजर मेली आणि आमच्या सान्वीने विचारलं, "ती कुठे गेली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "येम घेऊन गेलो तिका. काळ्या रेड्यार बसान येता तो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर कोणाचातरी रेडा उभा! काळाभोर. सान्वीने मागून माझी ओढणी अशी ओढली, की आम्ही स्कूटरसकट गवतात. रेड्याचा मालक धावत आला. "किते जाले गो बाय? लागले?"

सान्वी गवतातूनच त्याला म्हणाली, "तुमच्या घरी कोणी मेलं का?"

त्याने एकदा रेड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अजून ना," तो म्हणाला.

*

त्या रात्री मी फोनवर वाचलं, की मुलांना मृत्यूची भीती घालू नये, हळुवार गोष्टीतून सांगावं. मी तशी वाचून लगेच अमलात आणणाऱ्यांतली. सकाळी पोळ्या होईपर्यंत देश तयार होता.

मांद्र्याच्या समुद्राखाली फेणावळ नावाचा देश आहे. तिथे घरांवर कौलांऐवजी माशांचे खवले असतात. पाऊस खालून वर पडतो. शाळेत मुलं शिकवतात आणि मोठी माणसं गृहपाठ करतात. तिथला मरणाचा देव म्हणजे हळूबाब. टकलू, पोट सुटलेला, बनियनवर. तो रेड्यावर नाही, कासवावर बसून येतो. त्यामुळे त्याला नेहमी उशीर होतो. कासव शापोरा नदीच्या काठाला पार्क करतो आणि पुढे चालत येतो.

नवरा तुयेच्या फॅक्टरीत जायला बूट घालत होता. तो म्हणाला, "तुझ्या देवाला सरकारी नोकरी आहे काय?"

सान्वीला मात्र हळूबाब पटला. तिला एकच शंका होती. "तो चालत आला तर ओळखायचा कसा?"

इथे माझं चुकलं. एवढ्यावर थांबायचं होतं. पण त्या दिवसांत सान्वी पाहुणे आले की खोलीत पळायची आणि सासूबाई ऐकवायच्या, "आवशीसारखीच घुमी!" म्हणून मी संधी साधली. म्हटलं, "ओळखू येत नाही. दर वेळी तो वेगळ्याच माणसासारखा दिसतो. पण खाऱ्या पाण्यातून येतो ना, म्हणून त्याला फार तहान लागलेली असते. ज्या घरात त्याला गूळपाणी मिळतं, तिथून तो कोणालाच नेऊ शकत नाही. रिकामाच परत जातो."

आमच्याकडे उन्हातून कोणीही बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, टेकलं की पाण्याचा कोप आणि गुळाचा खडा पुढे करायची पद्धत आहेच. सासूबाई जन्मभर करत आल्या. मी फक्त त्या पद्धतीला मरणाचा देव अडकवून दिला.

तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं, की पालकांसाठी ब्लॉग काढावा की काय, असं मनात येऊन गेलं. आता आठवलं की पदराने तोंड झाकावंसं वाटतं, आणि मी ड्रेस घालते.

*

पहिला हळूबाब आला तो वीजमीटर बघणारा.

तो पायरी चढतो न चढतो तोच सान्वी दोन्ही हातांनी कोप धरून समोर. वर बशीत गूळ. माणूस खूश! कुंपणावरून सुलूकाकी म्हणाली, "केदे संस्कार गो पोरीचे! मेघना, तुझो हात कोण धरूंक शकचो ना." मी विनयाने मान खाली घातली.

त्याने पाणी पिऊन कोप परत दिला. सान्वीने विचारलं, "आता रिकामे जाणार ना?"

"रिकामो कसो? रीडिंग घेऊन जातलो."

सान्वीने त्याच्या पायाला मिठी मारली. "घेऊ नका! पाणी दिलं ना! आमच्या घरातलं कोणी घेऊ नका!"

तिला सोडवायला आम्ही दोघं लागलो. सुलूकाकी कुंपणावरून बघतच होती. मी म्हणाले, "सकाळपासून थोडा ताप आहे तिला."

ताप मला यायचा बाकी होता.

*

मग रोजचाच हळूबाब ठरला तो पोदेर, पाववाला. सकाळी त्याचा भोंपू वाजला की सान्वी गूळ घेऊन हजर. त्याने आठ-दहा दिवस सोसलं. मग एके दिवशी सायकलवरूनच हात जोडले. "बाय, पाणी दी. गूळ नाका. माका शुगर आसा."

सान्वी विचारात पडली. आत येऊन मला म्हणाली, "आई, मरणाच्या देवाला पण शुगर असते?"

मी म्हटलं, "असेल. वय झालंय त्याचं."

बघा, तेव्हाही खरं सांगता आलं असतं. पण सकाळची वेळ, डबा व्हायचा होता.

*

शाळेत 'माझा आवडता देव' असं चित्र काढायला सांगितलं. बाकीच्यांनी गणपती काढले. टीचरने मला बोलावून घेतलं. कागदावर बनियन घातलेला टकलू माणूस, खाली कासव, हातात स्टीलचा कोप.

"हा कोण?" टीचरने विचारलं. बाजूला दुसऱ्या दोन टीचर वह्या तपासत होत्या. दोघींची पेनं थांबली.

खरं सांगायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट! पण मी म्हणाले, "आमच्या माहेरकडचा देव आहे. डिचोलीकडचा."

"अय्या! माझं सासर डिचोलीचं! कुठे देऊळ?"

"आतल्या बाजूला आहे," मी म्हणाले.

त्या टीचर अजून भेटल्या की विचारतात, जत्रा कधी असते.

*

मोरजीला कासवं अंडी घालतात ती जागा दोरी बांधून राखलेली असते. पिल्लं समुद्रात सोडणार आहेत असं कळलं म्हणून आम्ही सान्वीला घेऊन गेलो. म्हटलं, कासव प्रत्यक्ष पाहिलं की हळूबाबाचं खूळ थोडं उतरेल.

टोपलीतून इवली इवली पिल्लं वाळूवर आली. सगळे टुरिस्ट गप्प, फोन वर. अशा शांततेत सान्वीने मोठ्याने विचारलं, "एवढी सगळी? मग एवढे सगळे कोण कोण मरणार?"

आमच्या बाजूचं कुटुंब उठून पलीकडे जाऊन बसलं.

*

आमच्या घरात हळूबाबाची कधीही लाज न वाटलेलं एकच माणूस होतं. माझे सासरे, आबा.

आबांनी डिचोलीच्या खाणींवर जन्मभर ट्रक चालवला. आता हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता जपायचं तेवढं जपा. आबा दिवसभर बाल्कांवातल्या दगडी सोप्यावर बसायचे आणि सान्वीने गुळाचा डबा त्यांच्याशेजारीच आणून ठेवला होता. कोणी फाटकाशी दिसलं की आबा हाक मारायचे, "सान्वी! इलो गो तुझो हळूबाब!" आणि ती धावायची.

"आजो, तू उठू नको. मी देते," ती म्हणायची.

नियम मोडायची वेळ एकदाच येणार होती. कोणासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सान्वी सोडून. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. आबा जातील आणि ही पोरगी विचारेल, मी तर सगळ्यांना पाणी दिलं होतं, मग?

एकदा धीर करून मी आबांना म्हणाले, "आबा, तिला खरं सांगायला हवं. असं काही नसतं म्हणून."

आबा गुळाचा डबा उघडून बघत होते. म्हणाले, "सांग. पण माज्या मागीर सांग. आत्ता सांगलंस तर माका कोण राखतलो?"

आणि हसले. मीही हसले. भात उतू चालला होता म्हणून आत गेले.

*

आता झाडाखाली न सांगितलेली.

शाळेला सुट्टी होती. सासूबाई पेडण्याच्या बाजारात, नवरा कामावर. आबांना सकाळपासून बरं नव्हतं, म्हणून त्यांना आत खाटेवर निजवलं होतं. मी त्यांना वाफ देत होते, कुकरची शिट्टी होत होती आणि खांद्यात फोन धरून मी डॉक्टरांच्या क्लिनिकशी बोलत होते. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली.

जनेलातून पाहिलं. हेल्मेट घातलेला एक माणूस, पाठीला मोठी बॅग. दारोदार काहीतरी विकणारा असावा. "मॅडम, जरा पाणी मिळेल?"

"आम्हाला काही नको!" मी ओरडले.

"विकत नाही मॅडम, पाणी मागतोय फक्त."

"पुढे नळ आहे रस्त्याला!" मी म्हणाले आणि जनेल लावून घेतलं.

वळले तर मागे सान्वी उभी. हातात भरलेला कोप. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर धावली. मी जनेलाच्या फटीतून बघत राहिले. फाटकापर्यंत गेली. त्याची स्कूटर निघून गेली होती. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग कोपातलं पाणी तुळशीला घालून आत आली. फोनवर क्लिनिकची बाई विचारत होती, "हॅलो, पेशंटचं वय काय?"

आबा त्याच दिवशी दुपारी गेले.

मग माणसं यायला लागली. रोज बाल्कांव भरलेला. सान्वी एका शब्दाने काही विचारत नव्हती. मी तिच्या विचारण्याचीच वाट बघत होते. उत्तर तयार ठेवलं होतं. आंघोळ घालताना, केस विंचरताना दर वेळी वाटायचं, आता विचारेल. ती म्हणायची, "आई, वेणी घट्ट झाली."

चौथ्या का पाचव्या दिवशी सासूबाई चटईवर बसल्या होत्या. भोवती वाड्यावरच्या बायका. सासूबाई पुन्हा पुन्हा तेच बोलत होत्या, दारातून कोणी तहानलेलं गेलं नाही म्हणून. "माज्या दारांतल्यान कोण केन्ना तानेलो गेलो ना गो. एक माणूस तानेलो गेलो ना. तरी येम म्हाताऱ्याक व्हरून गेलो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले.

सुलूकाकीने सान्वीला जवळ ओढलं. तिच्या मनात काही नव्हतं. डोळे पुसत, पोरीला थोडं बोलतं करावं म्हणून तिने विचारलं, "काय गो बाय, त्या दिसा तुझो हळूबाब इलो तेन्ना गूळपाणी दिवंक विसरलंस?"

सान्वीने मान वर करून बायकांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"दिलं होतं," सान्वी म्हणाली. "आईनेच दिलं. मी बघितलं."

मग आजीच्या मांडीवर हात ठेवून तिने नीट समजावून सांगितलं, "पण त्याला शुगर आहे ना, आजी. त्याने गूळ घेतलाच नाही."