पंच्याऐंशीची लेन्स

कृष्णवेणी माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती शाळेच्या बक्षीस समारंभात. ती आठवीत होती. गाण्याचं बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं, आणि सगळ्या सभागृहात सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती ती कृष्णवेणी. मी जवळच उभी होते म्हणून मला दिसलं, तिचे डोळे भरले होते आणि हनुवटी थरथरत होती. दुसऱ्या मुली अशा वेळी तोंड फिरवतात, किंवा टाळ्या वाजवायचं विसरतात. हिने हात लाल होईपर्यंत वाजवल्या. या मुलीला मत्सर फार छळणार, पण त्यापायी ती खोटं मात्र वागणार नाही, असं मला तेव्हा वाटलं. गेल्या तीसेक वर्षांत मी त्या मतात फारसा बदल केलेला नाही.

मी तिला गणित शिकवलं. गणितात ती बेताची होती. लग्न होऊन ती आमच्याच गल्लीत, तंजावूरच्या राजवाड्यामागे, आली. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवरा साईराम ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत. त्याला कॅमेऱ्याचं वेड नव्हतं, हिला लागलं. सासरे गेल्यावर स्टुडिओ तिनेच चालवला. पासपोर्ट फोटो, बारसं, मुंज, लग्न. तंजावुरातल्या आमच्या मराठी घरांतलं बहुतेक कार्य तिच्या हातून गेलं. तिच्या फोटोंत एक गुण होता, माणसं झोपलेली दिसायची नाहीत. पापणी मिटणाऱ्या काकांना ती आधी खोटंच सांगायची, “झाला हां फोटो,” आणि ते सुटकेचा श्वास टाकत असताना खरा काढायची.

मग हरिप्रिया आली. ती कृष्णवेणीची चुलत बहीण, वयाने बरीच लहान. चेन्नईला फोटोग्राफी शिकलेली. नवऱ्याची बदली झाली म्हणून तंजावुरात परतली. आता आमच्याकडे लग्नात दोन फोटोग्राफर लागतात. एक ‘ट्रॅडिशनल’, म्हणजे समोर उभा राहून सगळ्यांना ओळीने टिपणारा. दुसरा ‘कॅन्डिड’, म्हणजे कोपऱ्यात राहून कुणाचं हसू, कुणाचं रडू नकळत पकडणारा. लोक ट्रॅडिशनलचे फोटो अल्बमात ठेवतात आणि कॅन्डिडचे जगाला दाखवतात. हरिप्रिया कॅन्डिड झाली. त्यामुळे आपोआप कृष्णवेणी ट्रॅडिशनल ठरली. तोवर ती नुसती फोटोग्राफर होती.

“काय म्हणताव टीचर, बघितलंत?” ती संध्याकाळी फोन घेऊन माझ्या ओट्यावर यायची आणि हरिप्रियाचे फोटो एकेक करून दाखवायची. “ही बघा नवरी. मागचं सगळं कसं लोण्यासारखं विरघळलंय. दिवे बघा, नुसते गोल गोल.”

“छान आहे.”

“छान आहेच की! छान नसतं तर मला झोप नसती का लागली?”

त्यातच बाळकृष्णरावांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. बाळकृष्णराव निवृत्त इंजिनियर, त्यांची बायको चंद्रमती. या घरातलं प्रत्येक कार्य कृष्णवेणीने टिपलेलं. त्यांच्या दिवाणखान्यात झोपाळ्यासमोर एक भिंत आहे. कार्य झालं की सगळ्या घराचा ओळीचा फोटो काढायचा, मोठा करायचा आणि तिथे लावायचा, अशी त्या घरची रीत. मधे यजमान नवरा-बायको, दोन्ही बाजूंना वडीलधारे बसलेले, मागे बाकीचे उभे. त्यांच्याकडे कुणी पाहुणा आला की त्याला आधी कॉफी आणि मग ती भिंत. त्या भिंतीवर आपण काढलेला फोटो असणं ही कृष्णवेणीची तंजावुरातली पत. या खेपेला चंद्रमतीबाईंनी दोघींनाही बोलावलं. कृष्णवेणीला ट्रॅडिशनल, हरिप्रियाला कॅन्डिड.

“म्हणजे पुढच्या वेळी एकटी तीच,” कृष्णवेणी म्हणाली. “टीचर, मला नवी लेन्स घ्यायची आहे. त्रिचीला येताव का?”

मला तिथे डोळे तपासायचेच होते, म्हणून गेले.

दुकानदार जुना, तिच्या सासऱ्यांना ओळखणारा. त्याने काचेवर दोन लेन्स ठेवल्या. एक दुसऱ्याच कंपनीची, पण हिच्या कॅमेऱ्याला बसणारी झूम. जवळचं, लांबचं, रुंद, सगळं करणारी, आणि बरीच स्वस्त. दुसरी कॅमेऱ्याच्या मूळ कंपनीची, पंच्याऐंशी मिलिमीटरची. ती जवळ-लांब काही करत नाही. माणसाचा चेहरा काढावा तर तिनेच. जड, काळीभोर, आणि तोंडापाशी एक लाल कडं.

त्याने दोन्हींनी काउंटरवरच्या प्लास्टिकच्या फुलांचा फोटो काढून दाखवला. मी चष्मा पुसून पाहिलं.

“मला दोन्ही सारखेच दिसतात.”

“काय टीचर!” कृष्णवेणीने बोटांनी फोटो ताणून मोठा केला. “या स्वस्तवालीत कोपरा जरा मऊ आहे, बघा.”

“कोपऱ्यात काय आहे?”

“भिंत.”

“मग भिंत मऊ असली तर कुणाचं काय बिघडलं?”

दुकानदार हसला आणि तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, टीचर बरोबर सांगतायत. तुम्ही ओळीचे फोटो काढता. तुमच्या कामाला झूमच पाहिजे. या पंच्याऐंशीने दहा माणसं घ्यायची तर तुम्हाला पलीकडच्या रस्त्यात उभं राहावं लागेल.”

कृष्णवेणीने झूम उचलली, कॅमेऱ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. ती तिला आवडत होती, हे मला दिसत होतं. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आमची हरिप्रिया कुठली घेऊन गेली?”

दुकानदाराने लाल कड्याकडे बोट केलं.

तिने झूम काचेवर ठेवली आणि लाल कड्याची उचलली. पैसे पुरावेत म्हणून तिने आपली ओळीच्या फोटोंची जुनी लेन्स बदल्यात देऊन टाकली. परतीच्या बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, “आनंद झाला का?” तर म्हणाली, “तिने बघितल्यावर होईल.”

कार्य राजवाड्याजवळच्या एका जुन्या, लांबट कार्यालयात होतं. सकाळी अभिषेक झाला. चाळणीतून कलशांचं पाणी त्या दोघा म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पडत होतं आणि चंद्रमतीबाई थंडीने “पुरे, पुरे” म्हणत होत्या. मग इकडच्या रीतीप्रमाणे बाळकृष्णरावांनी बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधलं. गाठ बसेना. शेवटी चंद्रमतीबाईंनीच मान वळवून त्यांना जागा करून दिली. कृष्णवेणीने ते टिपलं. तो फोटो मी नंतर पाहिला. खरंच सांगते, तिने आयुष्यात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो आहे, आणि तो त्या लेन्सशिवाय तसा आला नसता.

पण तिचं लक्ष पंगतीतल्या जेवणाऱ्यासारखं सारखं शेजारच्या पानावर. हरिप्रिया डावीकडे गेली की ही डावीकडे. ती खाली बसली की ही खाली. एकदा दोघी एकाच खांबाआड एकदम आल्या. हरिप्रियाने लेन्स पाहिली आणि मनापासून म्हणाली, “अय्यो अक्का, तूही हीच घेतलीस? फार छान केलंस!” मला वाटतं, कृष्णवेणीला तिने नाक मुरडलेलं जास्त आवडलं असतं.

मग ओळीच्या फोटोची वेळ झाली. खुर्च्या मांडल्या. मधे ते दोघे, बाजूला वडीलधारे. टोकाच्या खुर्चीवर मलाही बसवलं. जावई राममूर्ती, ज्यांना फोटोची भारी हौस, ते मागे उभे राहून केस सारखे करत होते. कृष्णवेणीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे सरकली. आणखी सरकली. पाठ जेवणघराच्या दाराला टेकली. दार आतून लावलेलं, कारण आत पानं मांडली जात होती. अर्ध्या ओळीच्या वर काही मावेना.

हरिप्रियाच्या पिशवीत रुंद लेन्स होती. ती पुढे झाली. “अक्का, ही घे ना. बसेल तुझ्या कॅमेऱ्याला.”

“नको. माझं होतंय.”

“अगं, दोन मिनिटांचं काम...”

“माझं होतंय म्हटलं ना.”

बाळकृष्णरावांना फार वेळ बसवत नव्हतं. ते म्हणाले, “काय चाललंय गे? भूक लागली.” तेव्हा कृष्णवेणीने ठरवलं आणि मोठ्याने सांगितलं, “सगळे तसेच बसा. मी दोन भागांत काढते.” आधी डावी बाजू, मग उजवी. ओळीचे दोन भाग करायचे तर मधोमध करायचे, एवढं गणित मीच तिला शिकवलेलं. मधोमध कोण बसलं आहे, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दोन्ही फोटो घरच्या ग्रुपवर गेले तेव्हा आलं. एकात कडेला बाळकृष्णराव आणि त्यांच्या शेजारी हिरव्या रेशमी पदराचा एक तुकडा. दुसऱ्यात कडेला चंद्रमतीबाई, नवऱ्याच्या बाजूला कुणी नाही. आणि राममूर्ती दोन्ही फोटोंत. पहिला निघाल्यावर मागून पळत ते दुसरीकडे जाऊन उभे राहिले होते.

चंद्रमतीबाईंचा फोन आला तेव्हा कृष्णवेणी माझ्याच ओट्यावर होती. तिने फोन कानापासून लांब धरला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“काय गे कृष्णवेणी, सकाळी आमचं लग्न लावलंत आणि दुपारी काडीमोड? ऐंशीव्या वर्षी माणूस कुठे जाईल ग?”

“काकू, मी दोन्ही शेजारी शेजारी लावून देते.”

“भिंतीवर एक खिळा आहे. दोन नाहीत. हरिप्रियाने आम्हा दोघांचा हसतानाचा एक काढलाय, तो लावू.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुझ्यावर राग नाही. पण त्या भिंतीवर नवरा-बायको एकत्रच असतात.”

कृष्णवेणीने फोन ओट्यावर उपडा ठेवला. मी म्हटलं, “पदराचा तुकडा दोन्हीकडे आहे. जोडता येणार नाही का?”

“येईल. कंप्युटरवर.”

“तुला येतं?”

“मला नाही येत.” ती पायाच्या अंगठ्याने ओट्याची फरशी खरवडत होती. “कुणाला येतं ते माहीत आहे. तिच्याकडे जाऊ? त्यापेक्षा कावेरीत उडी घेते.”

“कावेरीत सध्या पाणी नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढचं मला दोघींकडून वेगवेगळं कळलं आणि दोन्हीकडचं जुळलं, म्हणून खरं असावं. हरिप्रिया एक अक्षर टोचून बोलली नाही. तिने दोन्ही फोटो उघडले, पदराला पदर जुळवला, दोन राममूर्तींपैकी एक पुसला. कुठला ठेवायचा, ते त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी उजवीकडचा सांगितला, तिथे केस नीट होते. मधेच ती म्हणाली, “अक्का, प्रत्येक चेहरा किती स्वच्छ आलाय. माझ्या रुंद लेन्सने कडेची माणसं ताणली गेली असती.”

“बघा टीचर,” कृष्णवेणी मला सांगताना चिडूनच होती, “कौतुकसुद्धा किती मन लावून करते. तेच मला सहन होत नाही.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? ती जोडत होती आणि मी शिकत होते.”

जोडलेला फोटो खिळ्यावर गेला. जवळून पाहिलं तर चंद्रमतीबाईंच्या कोपरापाशी काठ किंचित तुटतो. पाहुण्यांना दिसत नाही. पण तो घेताना चंद्रमतीबाईंनी पुढच्या कार्याचंही सांगून टाकलं. नातीचं, लक्ष्मीप्रियाचं लग्न. “दोघी वेगवेगळ्या नकोत. आमच्या अंगणात तुमची शर्यत नको. एकत्र येणार असाल तर या, नाहीतर आम्ही कुंभकोणमचा माणूस बघतो.”

कृष्णवेणीने विचार करायला पावसाळा घालवला. मग त्रिचीला जाऊन ती झूम घेऊन आली, दुसऱ्या कंपनीची. आणि एकत्र काम करायला हरिप्रियाला हो म्हणाली.

आता दोघींचा एकच स्टुडिओ आहे, कृष्णवेणीच्या सासऱ्यांच्याच जागेत. पाटी नवी आहे. तिच्यावर हरिप्रियाचं नाव वर आहे, कृष्णवेणीचं खाली. हा क्रम रंगाऱ्याला सांगितला तो कृष्णवेणीनेच.